मेन स्विचवरचा फोटो

तीर्थस्वरूप बाबांना जावयाचा साष्टांग नमस्कार (कोरड्या फरशीवर, रबरी चपला न काढता, कारण पुढे येईलच).

आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, म्हणजे आत्ता या घटकेला तरी. तुमचा खोकला कसा आहे? सासूबाईंच्या हातांना त्या मुंग्या येतात, त्याचं काही निदान झालं का? आधी वाताचं औषध झालं, मग मानेला पट्टा झाला, आणि आता डॉक्टर म्हणे सगळं मनाचं आहे म्हणतात. त्यांना म्हणावं, जिवाला जपा. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही, नुसतं बोलता (राग नसावा), आणि शिवाय घरातले दोन्ही फोन चार्जिंग संपून पडले आहेत. आमच्या लाँड्रीचा टेंपो धुतलेल्या चादरी घेऊन तुमच्या बाजूला निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र धाडतो.

विषय तुमच्या फोटोचा आहे. फोटो पडला, काच फुटली आणि तुमच्या नाकावर ओरखडा उमटला, हे खरं. पण मी तो रागाने आपटला, असं जे तुमच्या लेकीने कळवलं असेल (फोन बंद पडायच्या आधी ती गॅलरीत जाऊन बराच वेळ कुजबुजत होती), ते साफ खोटं आहे. तुमच्याबद्दल मला आदरच आहे. त्या फोटोखालून जाताना मी आजवर शीळसुद्धा घातलेली नाही.

झालं ते असं. मध्यंतरी लाँड्रीत धुलाईच्या मशीनला हात लावताच एका बाईला जोराचा झटका बसला. बाई बचावल्या, पण मालकांची पाचावर धारण बसली. त्यांनी वीज खात्यातल्या तपासनीस बाईंना आम्हाला चार गोष्टी शिकवायला बोलावलं. बाई बोलायला लागल्या आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. ओल्या हाताने बटण दाबायचं नाही, सोललेली वायर चिकटपट्टी गुंडाळून वापरायची नाही, कुणाला झटका बसला तर त्याला धरायचं नाही, आधी मेन बंद करायचा. आणि तो सापडतच नसेल तर कोरड्या लाकडाने ढकलायचं. (आणि मी आजवर ओल्या चादरी खांद्यावर टाकून कोपराने बटणं दाबत आलो होतो!) भीतीने मी इतके प्रश्न विचारले की बाकीचे घरी जायला उठले. मालकांना ती माझी हौस वाटली, आणि त्यांनी मला तिथल्या तिथे सुरक्षाप्रमुख केलं. दंडाला हिरवी पट्टीसुद्धा बांधली. भित्र्याला पहाऱ्यावर बसवलं की काय होतं, ते लवकरच दिसलं.

आमचा इस्त्रीवाला (त्याला सगळे पैलवान म्हणतात, अंगाने तसाच आहे) हातात इस्त्री धरून डोळे मिटून थरथरताना मला दिसला. मी धावत जाऊन मेन पाडला आणि वर खबरदारी म्हणून झाडूच्या दांड्याने त्याला ढकललं. ढकललं म्हणजे जरा जोरातच. पैलवान हॉस्पिटलच्या चादरींच्या ढिगात पालथा पडला. नंतर कळलं, त्याला कसला तरी विनोद आठवला होता आणि ग्राहकासमोर हसू दाबताना त्याचं अंग हलत होतं. सगळी मशीनं मध्येच बंद पडली, चादरी साबणाच्या पाण्यात तशाच राहिल्या आणि मालक मला जे बोलले ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. ही हकीकत आमच्या घरी माझ्या आधी पोचली. तेव्हापासून मी खोकलो तरी तुमची लेक विचारते, "काय हो, शॉक बसला का?"

आता घरचं सांगतो. बाबा, तुम्ही जन्मभर घड्याळं दुरुस्त केलीत, तुमच्या हाताला तोड नाही. आम्ही हे घर घेतलं तेव्हा परका वायरमन कशाला म्हणून सगळी वायरिंग तुम्हीच केलीत, आम्हाला किती कौतुक! पण घड्याळाच्या सेलला टोकं दोनच असतात. म्हणून तुम्ही म्हणालात की दोन तारांवर जग चालतं, तिसरी नुसती शोभेची. भिंतीत भोकं दोनच ठेवलीत, आणि फ्रिज, मिक्सर, गिझर, सगळ्यांच्या प्लगची ती जाड तिसरी पिन करवतीने कापून टाकलीत. पितळ वाया जाऊ नये म्हणून त्या पिना डब्यात घालून, झाकण पक्कं बसवून आमच्या भिंगरीला खुळखुळाही करून दिलात. (वाजतो छान.) आणि मेन स्विच भिंतीवर बरा दिसत नाही म्हणून त्याच्यावर तुमचा निवृत्तीच्या सत्काराचा मोठा फोटो लावलात.

तपासनीस बाईंनी तिसऱ्या पिनेचं सांगितलं तेव्हा मला घाम फुटला. त्या म्हणाल्या, मशीनच्या अंगात वीज उतरली तर ती त्या पिनेतून जमिनीत निघून जाते. ती वाट कापून टाकली तर हात लावणाऱ्या माणसातून जाते. मला आमचा फ्रिज आठवला. तो पहिल्यापासून जरा झिणझिणतो, पण आम्हाला त्याची सवय झालीय. फ्रिजपाशी रबरी चपलांचा एक जोड कायमचा ठेवलेला असतो, दूध काढायचं तर आधी चपला घालायच्या. पाहुण्यांनासुद्धा आम्ही हसत हसत सांगतो. नवा फ्रिज असाच असतो, असं तुम्हीच म्हणाला होतात ना! मी घरी येऊन म्हटलं, वायरमनला बोलावू. तुमची लेक म्हणाली, "बाबांच्या कामाला परका हात लागणार नाही. तुम्ही आधी पैलवानाची माफी मागा."

आणि बाबा, भिंगरी आता धरून धरून उभी राहायला लागलीय. परवा फरशी नुकतीच पुसली होती. पोर रांगत रांगत गेली, फ्रिजच्या दाराला दोन्ही हात लावले आणि उभी राहिली. मी जोरात ओरडलो. मेनकडे धावलो तर मेनवर तुम्ही! खिळ्यातून फोटो निघेना. एका हाताने ओढला, दुसऱ्याने स्विच पाडला, फोटो खाली, काचेचा चुरा, आणि पोर रडत होती. आता आधी रडली की आधी काच फुटली, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तुमच्या लेकीचं म्हणणं, पोर माझ्या ओरडण्याने घाबरली. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं? पण मी तिला उचललं तेव्हा तिच्या मुठी घट्ट मिटलेल्या होत्या, बाबा. त्या मला उघडता येईनात. अजून डोळे मिटले की त्या मुठीच दिसतात.

तेव्हापासून मेन बंद आहे. मी त्याच्याखाली स्टूल टाकून बसलोय आणि हे पत्र मांडीवर लिहितोय. दूध नासलं, पाणी बादलीने भरतोय, तुमची लेक माझ्याशी भांड्यांच्या आवाजातून बोलते. आज मेन सुरू केला नाही तर मुलीला घेऊन माहेरी जाईन म्हणालीय. पत्रात काही कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर पोटात घाला. सासूबाईंना नमस्कार.

तुमचा भित्रा पण आज्ञाधारक जावई

ता. क. : फोटोचं निमित्त झालं, खरं काम हे आहे. तुमच्या लेकीला तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेवढ्या दोन ओळी तिला लिहा की वायरमनला घरात येऊ दे आणि तिसरी तार बसवून घे. कल्पना तुमचीच होती असं लिहिलंत तरी चालेल. मी चारचौघांत तसंच सांगेन.

ता. क. दुसरा : वरच्या दोन ओळींची आता गरज नाही. भिंगरीसाठी आणलेलं ताजं दूध फ्रिजमध्ये ठेवायचं म्हणून तुमच्या लेकीने मला स्टुलावरून उठवलं आणि मेन सुरू केला. मी भिंगरीला कडेवर घेऊन दारापर्यंत मागे सरलो. फ्रिजपाशी चपलांपैकी एकच होती, दुसरी भिंगरी मघाशी चावत चावत घेऊन गेली होती. "एका पायाने काय होतंय," म्हणत तिने अनवाणी पाऊल ओल्या फरशीवर टाकलं आणि दार धरलं. "आई गं!" म्हणून ती मागे फेकली गेली. फार लागलं नाही, कोपर खरचटलंय. उठली आणि स्वतः जाऊन मेन पाडला. मग भिंगरीला माझ्याकडून घेऊन तिच्या मुठी उघडून बघितल्या आणि ढसाढसा रडली. आता स्टुलावर ती बसलीय, आणि मी वायरमनला बोलवायला निघालोय.

ता. क. तिसरा (टेंपोवाला हॉर्न वाजवतोय, अक्षराला हसू नका) : हे तुमची लेक सांगते तसं लिहितोय. बाबा, तिकडे आपल्या घरची वायरिंगही तुम्हीच केलीत ना? आईच्या हातांना मुंग्या येतात त्या दिवसभर येतात, की फक्त गिझरच्या नळाला हात लावला की येतात? तिला विचारा. विचारायच्या आधी मेन बंद करा. तो तुमच्या तरुणपणीच्या फोटोमागे असेल.