डाव्या कानाची रेघ

प्रिय धाकटे,

बाळाचा फोटो मिळाला. आईने तो घरभर मिरवला, शेजारणीला दोनदा दाखवला आणि नाक तुझंच आहे असा निकालही देऊन टाकला. मला विचारलं नाही. नऊ वर्षं तिच्या गोळ्या, तिचे चष्मे, तिचं रुसणं मी सांभाळते आहे, पण पिकतं तिथे विकत नाही. तू महिन्यातून दोन फोन करतेस आणि ते तिला महिनाभर पुरतात. हे मी टोमणा म्हणूनच लिहिते आहे, उगीच गोड अर्थ काढू नकोस.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. चक्कर येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर मी एक काळा चष्मा चढवते. आत अंधार आणि बारीकसा कॅमेरा असतो. मग एका कानात गरम पाणी सोडायचं. कान धड असेल तर डोळे आपोआप एका बाजूला सरकतात, झटक्याने मागे येतात आणि पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटते. थोड्या वेळाने दुसरा कान. दोन्ही रेघा सारख्या आल्या की ठीक. पथ्य एकच, पाणी सोडलं की पेशंटला बोलतं ठेवायचं. माणूस गप्प पडून राहिला तर डोळे थंडावतात आणि चांगला कानही निकामी दिसतो. नव्या मुलींना हे मी पहिल्याच दिवशी बजावते.

तुझ्याकडे बाळंतपणाला निघायच्या आधी आईला कुशीवर वळताना गरगरायला लागलं, ते तुला माहीत आहे. तपासणी मीच केली. उजव्या कानाच्या वेळी म्हटलं, काहीही सांग. तर तुझंच पुराण. तू कशी आजारी पडली नाहीस, तू कशी उलट बोलली नाहीस. रेघ झकास आली. डाव्या कानात पाणी सोडलं तेव्हा म्हणाली, धाकटीचा हात हलका आहे, तिने एवढं दुखवलं नसतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आता गप्प पड. ती पडली. रेघ जवळजवळ सपाट आली. अशा वेळी थोडं थांबून तपासणी पुन्हा करायची असते. मी तशीच छापून डॉक्टरांकडे पाठवली.

गरगरणं कानातले बारीक खडे जागचे हलल्यामुळे होतं, ते डॉक्टरांनी तिचं डोकं वळवून त्याच दिवशी घालवलं. पण माझी रेघ बघून ते म्हणाले, डावा कान कमजोर आहे, सहा महिने प्रवास नको. माझं तिने ऐकलं नसतं, सोनारानेच कान टोचावे लागतात. तिने भरलेली बॅग रिकामी केली, तू फोनवर रडलीस आणि मी शेजारी बसून भाजी निवडत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात तिची तपासणी नव्या मुलीने केली, मी शिकवलं तशी, दोन्ही वेळा तिला बोलतं ठेवून. रेघा सारख्या आल्या. डॉक्टर म्हणाले, कान सुधारला. मी नुसती मान डोलावली असती तरी कुणाला काही कळलं नसतं. पण घरी येताना आई म्हणाली, थोरली होती म्हणून मी बरी झाले. नऊ वर्षांतलं हे पहिलं कौतुक, आणि ते मला घेता येईना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मला तपासणीवरून काढलं, ते योग्यच केलं. आई रविवारी तुझ्याकडे निघते आहे. बाळंतपण तू एकटीने काढलंस ते माझ्यामुळे, म्हणून तिला काय सांगायचं ते तूच सांग, मला धीर नाही. फक्त आल्या आल्या सांगू नकोस. चार दिवस तिला तुझ्यासमोर माझं कौतुक करू दे. एकदा तरी ते तुला ऐकावं लागू दे.

तुझीच,
ताई