तुझ्या तोंडानं सांग

माय, मागच्या उन्हाळ्यात माझ्या गाडीत एक प्रकार घडला. तेव्हापासून तुला सांगेन म्हणते आणि राहून जातं. मी एसटीत कंडक्टर झाले, ही तू गेल्यानंतरची गोष्ट. कन्नड ते संभाजीनगर अशी माझी ड्यूटी असते. तू असताना ते औरंगाबाद होतं. गाडीतली माणसं अजून दोन्ही नावं घेतात, मी मुकाट्यानं तिकीट देते. पण गाडीतलं सांगायचं तर आधी आपल्या स्वयंपाकघरात यावं लागतं.

मी नुकती कॉलेजात जायला लागलेय. तू कारखान्यातल्या पोरांचे डबे करतेस, आणि त्या दिवशी डब्यांची वेळ टळून गेलीय, कारण बाहेरच्या खोलीत सिल्लोडकडचे पाहुणे बसलेत. आज सुपारी फोडूनच जायचं असं ठरवून आलेत. दादा दोनदा आत डोकावून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "काय ठरलं? माणसं ताटकळलीत." तू माझ्याकडं पाहिलंस. "काय सांगू त्यांना?" मी म्हणाले, "तू म्हणशील तसं."

परातीतला तुझा हात थांबला. "मी काय म्हणणार नाय. संसार तुला करायचाय. तुझ्या तोंडानं सांग."

मी खाली बघत उभी राहिले. तू आवाज चढवला नाहीस, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. "तुला सगळ्यांना बरं वाटायला पाहिजे. मला, तुझ्या बापाला, बाहेर बसलेत त्यांना. तुला स्वतःला काय पाहिजे, ते ठावं हाय का तुला?" तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तुला धूर दिसत होता, तरी तू ती उलटली नाहीस. दादा दारात उभे. बाहेर कुणीतरी मोठ्यानं घसा खाकरला. मुलगा वाईट नव्हता, माय. मला फक्त तिथं जायचं नव्हतं, आणि तेवढं कारण पुरेसं असतं हे मला माहीत नव्हतं. शेवटी मी "नाय" म्हणाले. ते मलाच नीट ऐकू आलं नाही. तू पदर सारखा केलास आणि बाहेर जाऊन म्हणालीस, "पोरीची मर्जी नाय. चहा घेऊन जावा."

त्यानंतर ते स्थळ आणणारे काका आपल्याकडं यायचे थांबले. दादा कित्येक दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. भाकरी खायचे आणि उठून जायचे. तू मला एका शब्दानं टोचलं नाहीस, पण मी मात्र मनातून तुझ्यावर चिडलेली होते. माझ्या मनात काय आहे ते तुला दिसत होतं. मग तूच सांगून टाकायचंस की. मला तिथं तसं उभं करून तुला काय मिळालं, असं मला लई दिवस वाटत राहिलं.

आता गाडीतलं सांगते. वेरूळच्या अलीकडच्या एका थांब्यावर एक बाई चढली. पंचविशीची असेल, कडेवर लेकरू, हातात साधी पिशवी. तिनं शहराचं तिकीट मागितलं आणि खिडकीपासून आत सरकून बसली. थोडं पुढं गेलो नाही तोच दोन मोटारसायकली मागून आल्या आणि एका वळणावर गाडीला आडव्या आल्या. ड्रायव्हरभाऊंनी करकचून ब्रेक मारला. तिघं उतरले. त्यातला एक दाराशी येऊन म्हणाला, "बाई, आमची बायको हाय आत. उतरवा तिला."

मी दारातच उभी राहिले. म्हणजे हलताच येईना म्हणून तिथंच राहिले. मागून एकजण म्हणाला, "घरचा मामला हाय, उतरवून द्या. आम्हाला पुढची गाडी धरायचीय." दुसऱ्यानं त्याला दुजोरा दिला. खालच्या माणसानं दांड्याला हात घातला आणि एक पाय पायरीवर ठेवला. मी त्या बाईकडं वळले. तिचा ओठ सुजलेला होता, ते मला तेव्हा दिसलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू काय करायचं ते मीच ठरवणार होते.

ती नजर मी ओळखली, माय. आणि मला काय वाटलं सांगू? मी तिच्या वतीनं बोलून मोकळं व्हावं. 'ती येत नाही, जा' म्हटलं असतं की संपलं. पण मग पुढच्या वळणावर, पुढच्या घरात, तिच्या वतीनं दुसरंच कुणीतरी बोललं असतं. तू भाकरी का करपू दिलीस ते मला तेव्हा कळलं. तुझ्यासाठीही ते थांबणं सोपं नसणार.

मी विचारलं, "तुला उतरायचंय का?" खालचा ओरडला, "तिला काय विचारता? मी सांगतोय ना." मी त्याच्याकडं पाहिलं नाही. "मी तुला विचारतेय. तू सांग." लेकरू रडायला लागलं. मग ती म्हणाली, "नाय. मला भावाकडं जायचंय." अगदी स्पष्ट म्हणाली, माझ्यापेक्षा कितीतरी स्पष्ट.

पुढच्या सीटवरचे एक म्हातारे चाचा उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "टिकट ली है उनो. बैठने दो उनकू." तेवढ्या आधारानं मी दार ओढून घेतलं. बाहेरून दारावर लाथा बसत होत्या. ड्रायव्हरभाऊंनी गाडी कडेच्या मातीवरून काढली. मोटारसायकली खुलताबादपर्यंत मागं होत्या. तिथं पोलीस ठाण्यासमोरच गाडी उभी केली, तेव्हा त्या कुठं वळल्या ते दिसलं नाही. एक महिला पोलीस तिला आत घेऊन गेली. उशीर झाला म्हणून डेपोत साहेबांनी विचारलं, मी सांगितलं. संध्याकाळी तिचा भाऊ येऊन घेऊन गेला, एवढंच कळलं. पुढचं मला माहीत नाही.

डेपोतल्या बाया मला धीराची म्हणतात. मी हसून घेते. हे तुलाच सांगता येतं म्हणून लिहितेय, आणि हे कागद उद्या फाडून टाकीन. त्या माणसानं पायरीवर पाय ठेवला ना, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच: उतर गं बाई, माझ्या गाडीत कशाला चढलीस. आणि अजूनही तो थांबा आला की, चढणारं माणूस नीट आत येण्याआधीच मी घंटी मारते.