पुरायच्या राहिलेल्या तारा

मी, हयात खान वल्द मुराद खान, मांगणियार, धंदा गाणेबजावणे, राहणार खारोडा, जिल्हा जैसलमेर, वय सत्तरच्या पुढे (जन्म दुष्काळातला, नोंद कुणी केली नाही), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा तिसरीपर्यंत झाली, म्हणून अक्षराला हसू नये. डोके ठिकाणावर आहे, फक्त झोप लागत नाही. कुणाचा दाब नाही. मौलवीसाहेब म्हणाले की वारसांत अशी वाटणी करायची तर बाकी वारसांची संमती लागते. बायको, दोन मुलगे आणि मुलगी यांना विचारले, सगळे हो म्हणाले. माझ्या मागे नाही म्हणू नये.

राहते घर बायको सुगनी हयात असेपर्यंत तिचे. पत्र्यावर शेळ्या चढतात, तिकडे मुलांनी लक्ष द्यावे. मी सांगून थकलो.

मुलगी जेतां हिला काळी शेळी. आजीची बाळंतपणाची गाणी तिला येतात, ती तिचीच. भावांनी न विचारता रेकॉर्ड करू नयेत.

आमच्यात जजमानांची घरे वारशाने येतात. त्यांच्याकडे जन्म, लग्न असले की आम्ही जाऊन त्यांची वंशावळ गायची आणि बिदागी घ्यायची. ही घरे थोरला नूर खान याने सांभाळावीत. धाकटा कबूल खान याच्याकडे फोनवरचे खाते, ज्यावर आमची गाणी जगभर ऐकतात. पण दोन्हीकडची मिळकत दोघांनी निम्मी वाटून घ्यावी. का, ते लिहितो, नाहीतर भांडतील.

कबूलने ठाकूर भोमसिंहांच्या घराची वंशावळ माझ्याकडून गाऊन घेतली आणि फोनवर टाकली. मलाही बरे वाटले होते. पुढे ठाकुरांना नातू झाला. आम्ही साफे बांधून बसलो, पण बोलावणे आले नाही. त्यांच्या मुलाने मोठा स्पीकर लावून फोनच वाजवला. माझा आवाज त्यांच्या अंगणातून आमच्या अंगणात आला.

सुगनी म्हणाली, "तुम्ही इथं बसलाय आणि तिकडं गाताय. मग बिदागी कोण आणणार?"

जजमानाने अपमान केला तर वाद्याच्या तारा त्याच्या दारासमोर पुरायच्या, अशी आमची रीत आहे. मग आमच्यातला कुणीही त्या घरी गात नाही. आतड्याच्या तारांचा एक जोड वडिलांनी त्यासाठीच डब्यात ठेवून मला दिला होता. कबूल तो डबा शोधू लागला.

"बाबा, तारा द्या. आजच पुरतो. फोनवर पोट भरू आपण."

नूर म्हणाला, "भर की. आणि उद्या फोनवाल्यांनी पैसे बंद केले तर त्यांच्या तारा कुठं पुरशील? आधी त्यांचं दार तर दाखव."

कबूलने डबा शोधायचे सोडले. माझी झोप तेव्हापासून गेली.

काल शुक्रवारी ठाकूर स्वतः काठी टेकत आले आणि खाटेवर बसले.

"हयात, तुझं गाणं माझ्या मुलावर येऊन थांबतं."

मी हात जोडून म्हणालो, "हुकम, गायलं तेव्हा तेच शेवटचे होते."

"आमच्या बुवाजी, मुलाची आत्या, भर बैठकीत म्हणाल्या, यात पोराचं नाव कुठाय? मग हे पोर कुणाचं? सून रडायला लागली. फोन पुन्हा पुन्हा लावला, पण नाव काही येईना."

आतून सुगनी म्हणाली, "फोनलाच सांगायचं ना ठाकुरसा, घाल म्हणून."

ठाकूर हसले. म्हणाले, "चुकलं आमचं. कधी येतोस?"

म्हणून कबूलला ही अट. फोनवर हवे ते गावे, पण कुठल्याही घराची ताजी पिढी त्यावर देऊ नये. ती दारात जाऊनच गावी. गाण्याखाली आमचे आणि गावाचे नाव घालावे. शहरातल्या एका स्टुडिओवाल्याने माझ्या आजोबांचे गाणे नाव न घालता विकले. त्याला मी काही ठेवत नाही, त्याने आपला वाटा आधीच नेला. फोनवरून परदेशी शिष्यांना शिकवायचे तर पैसे आधी घ्यावेत. कबूलला मागायची लाज वाटते, तर नूरने मागावेत. त्याला वाटत नाही.

कमायचा हे माझे वाद्य कबूलला. नूरकडे गळा आहे. कबूलच्या हातात वाद्य असले म्हणजे नूरबरोबर जजमानांच्या दारात तरी जाईल.

डब्यातल्या तारा पुरू नयेत. त्या मी आज कमायच्यावर चढवल्या. उद्या ठाकुरांकडे त्याच घेऊन जाणार आहे. मला रात्रीत काही झालेच, तर नूरने गावे आणि कबूलने वाजवावे. थांबू नये, पोर खोळंबले आहे. त्याचे नाव सुरतानसिंह. ठाकुरांनी माझ्या कानात सांगितले, विसरेन म्हणून इथे लिहून ठेवले. एवढ्यासाठी हा कागद कुणी फोनवर टाकू नये.

ठिकाण खारोडा, फाल्गुन महिना, शनिवार, दुपारच्या नमाजानंतर.

लिहिणार: हयात खान (सही वाकडी, पण माझीच)

संमती: सुगनी (अंगठा), नूर खान, कबूल खान, जेतां

साक्षीदार: मौलवी अब्दुल गनी

साक्षीदार: ठाकूर भोमसिंह. (वाचून सही केली. उद्या लवकर यावे.)