भाड्याच्या पावत्या

अष्टमी-रोहा,
११ जानेवारी १९९८

ती. ताईस,
पुंडलिकचा शि. सा. न. वि. वि.

पापडांची पिशवी एसटीच्या कंडक्टरकडून पोचली. विमलने सगळे पापड नीट बघून घेतले. दोनच तुटलेत, बाकी तक्रार नाही.

कंपनीत सध्या इन्कमटॅक्स कापायचे दिवस आहेत. माणसं विम्याच्या, घरभाड्याच्या पावत्या आणून देतात आणि अकौंट्सला बसून मी त्या तपासतो. अठरा वर्षं हेच काम. निम्म्या पावत्या खोट्या असतात. स्वतःच्या घरात राहणारा माणूस सासऱ्याला भाडं देतो म्हणून लिहून आणतो, आणि शिक्का मी मारतो. माझा पगार मात्र हातात पडायच्या आधीच कापलेला. त्यात गेल्या वर्षी सरकारने लपवलेलं उत्पन्न डिसेंबरअखेर दाखवा, शिक्षा नाही, असं जाहीर केलं, तेव्हापासून माझं मन उडालंय. ज्याने कधी लपवलंच नाही त्याला काय मिळालं, हे कोणी सांगत नाही. परवा वाचनालयात एक निवृत्त प्राध्यापक बोलले, की मिळकतीवरचा कर काढून टाकावा आणि खरेदीवर लावावा, म्हणजे जो जास्त उधळेल तो जास्त भरेल. मला ते पटलं.

आता कामाचं. आबांनंतर हे घर आपल्या दोघांच्या नावावर आहे. तुझ्या हिश्शाचं भाडं मी तुला देतो, अशा बारा पावत्या सही करून पाठवशील का? तुला काही कर लागत नाही, तेव्हा तुझ्या डोक्याला ताप नाही. विमल म्हणाली, की लग्नाला सोळा वर्षं झाली, आज पहिल्यांदा व्यवहाराचं बोललात.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
पुंडलिक

पेण,
१९ जानेवारी १९९८

चि. पुंडलिक यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पावत्या सोबत आहेत. पावतीच्या तिकिटावर सही करायची सवय नाही, म्हणून वाकड्यातिकड्या आल्यात. भावाने मागितल्या म्हणून केल्या.

पण मला कर लागत नाही, हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. हे कारखान्यात गणपती रंगवतात, मी पापड लाटते. आम्हाला कोणी फॉर्म देत नाही, हे खरं. पण तेल, साबण, पापडाच्या प्लास्टिकच्या पिशव्या, ह्यांच्या डोळ्यात घालायचे थेंब, या सगळ्यावरचा कर दुकानदार काय स्वतःच्या खिशातून भरतो? तुझ्या प्राध्यापकांना माझं एवढंच सांग. ज्याच्याकडे महिन्याच्या शेवटी काही उरतं, त्याचं उरलेलं त्यांच्या हिशेबात सुटेल. आमच्याकडे उरत नाही, म्हणजे आमची सगळीच कमाई कराखाली येईल. आम्ही उधळतो म्हणून नव्हे, पुरत नाही म्हणून.

रागावून लिहीत नाहीये. यंदा गुडघे धरलेत, पाटावर बसलं की उठवत नाही, त्यात कोणाशी भांडू? पावत्या वापरायच्या की नाही, ते तुझं तू बघ. तुझ्या हातून असलं काम झालं तर मी वाईट म्हणणार नाही. आबा असते तर काय म्हणाले असते, तेही लिहीत नाही.

विमलला सांग, तुटलेले दोन भरून देईन.

तुझी ताई,
रंभा

अष्टमी-रोहा,
८ फेब्रुवारी १९९८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. ते वाक्य मी लिहायला नको होतं.

पावत्या दिल्या नाहीत. मी फार सरळ आहे म्हणून नव्हे. द्यायच्या म्हणून कंपनीत घेऊन गेलो होतो. त्याच दिवशी प्लँटवरचा गुणाजी टेबलाशी आला. जवळच वरसे गावात भाड्याने राहतो, दर महिन्याला भाडं भरतो, पण मालक पावती देत नाही. दिली तर मालकाला ते उत्पन्न दाखवावं लागेल. मी गुणाजीला सांगितलं, की पावती हा तुझा हक्क आहे, मागून घे. अगदी साहेबासारखं सांगितलं. त्याने जाऊन मागितली. मालक म्हणाला, की कागद पाहिजे तर महिनाअखेर खोली खाली कर.

हे सांगायला तो परत आला तेव्हा माझ्यावर चिडला नाही. एवढंच म्हणाला, की भाऊ, तुमचं बरोबरच होतं, माझीच जागा चुकीची. घरात बायको हौसा, म्हातारी आई आणि तीन महिन्यांची मुलगी. खऱ्या भाडेकरूचा अर्ज मी पावती नाही म्हणून परत केला, आणि खिशात तुझ्या सहीच्या बारा होत्या. घरी येऊन त्या चुलीत घातल्या.

आता तुझी परवानगी हवी. मागच्या दोन खोल्या त्याला द्याव्यात असं मनात आहे. भाडं निम्मं तुझं, दर महिन्याला मनिऑर्डर करीन. त्याला खरी पावती मिळेल. माझा निम्मा हिस्सा मी उत्पन्नात दाखवणार, म्हणजे कर कमी करायला निघालो होतो तो वाढवून बसलो. विमलने दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, की माणसं यायचीच असतील तर कोळ्यांची जाळी तरी काढायला हवीत, आणि केरसुणी घेऊन मागे गेली.

तू नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही. घर तुझंही आहे.

तुझ्या आशीर्वादाची वाट बघतो.

पुंडलिक

पेण,
१७ फेब्रुवारी १९९८

चि. पुंडलिक यास,
अनेक आशीर्वाद.

खोल्या दे. विचारायला पत्र कशाला खर्च केलंस, आधी त्यांना आणायचं होतं. वरश्याच्या मालकाला तो जे भाडं देतो त्याहून जास्त घेऊ नकोस. माझ्या हिश्शातून पहिले दोन महिने काही पाठवू नकोस, म्हातारीसाठी मोरीत धरायला लोखंडी दांडी बसवून घे. हे म्हणाले, की सुट्टी काढून येतो आणि भिंतींना चुना मारून देतो.

कराचं काय ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा. मला वाटतं कुठूनही घेतला तरी जो सरळ उभा असतो तोच सरकारच्या हाती लागतो. आपण दोघं उगाच एकमेकांकडे बोट दाखवत होतो.

आई गेल्यापासून मागच्या खोल्यांत कोणी राहिलेलं नाही. हौसाला सांग, मागच्या दाराची कडी नुसती ओढून निघत नाही. दार थोडं वर उचलायचं आणि मग सरकवायची. विहिरीकडे जायला तीच वाट जवळची आहे, तिने खुशाल वापरावी.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझी ताई,
रंभा