बाहीवरचा निळा दोरा

मी, नुहाद तौफिक, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा माहितीपट बनवण्याचा, राहणार पॅलेस्टाईनमधल्या रामल्लाच्या पश्चिमेकडच्या टेकडीवरचे आमचे गाव. माझे डोके ठिकाणावर आहे. धाकटा भाऊ वासिफ याने बराच दबाव आणला; त्याला न जुमानता हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. घर आणि ऑलिव्हची बारा झाडे. शरियतीप्रमाणे मालमत्तेचा तिसरा हिस्साच मला मनासारखा देता येतो, बाकी वासिफकडे जाईल. ते कायदा देतो, मी नाही. वीस वर्षांत तो एकदाही ऑलिव्ह उतरवायला आला नाही. त्याला आपली झाडे ओळखता आली तरी पुष्कळ.

२. कॅमेरा, दिवे, तिवई गावातल्या बायकांच्या मंडळाला. परदेशी दिग्दर्शकाला हात लावू देऊ नका. त्या मेल्यांना रडणारी आई लागते. गच्चीवर टोमॅटो वाळत घालणारी आई दाखवली की म्हणतात, यात काय आहे?

३. अठ्ठ्याऐंशी सालची कॅसेटही मंडळालाच. त्या वर्षी संचारबंदीत गाव उपाशी राहू नये म्हणून आमच्याच गावच्या सुबहियाने परसात रोपे केली, कोंबड्या पाळल्या आणि घरोघर वाटल्या. इस्रायली लष्कराने अशा परसबागांना बंड समजून गुन्हा ठरवले होते. कोणी ओळखू नये म्हणून मी फक्त हात टिपले आणि स्वतःला फार शहाणी समजले. पण आमच्याकडे झग्याच्या भरतकामावरून गाव कळते. सुबहियाचा तर उजव्या बाहीवर लाल दोरा संपला होता आणि नक्षीतले शेवटचे सुरूचे झाड तिने निळ्याने भरले होते. मी याच गावची, आणि मला ते दिसले नाही. फिल्म परदेशात दाखवली गेली. आठवड्याभरात शिपाई त्या बाहीचा फोटो घेऊन तिच्या दारात आले. सात महिने तुरुंग.

सुटून आल्यावर ती एवढेच म्हणाली, "तोंड लपवलंस आणि बाही दाखवलीस. तुझ्या आईनं तुला सुई धरायला शिकवलं नव्हतं का गं?" त्यानंतर पस्तीस वर्षे अबोला.

आता वासिफ म्हणतो, "ताई, ते हात कुणाचे, हे आता कोण विचारतंय? वाहिनीवाले मागे लागलेत." मी विचारते आहे. सुबहियाच्या शब्दाशिवाय ती कॅसेट कोणाला दाखवायची नाही. जाळ म्हणाली तर तिच्याच भाकरीच्या भट्टीत जाळायची.

४. वासिफने माझ्या मयताला यावे. भाषण करू नये.

हे मी माझ्या हाताने लिहून दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. आमच्या गावी, १४ नोव्हेंबर २०२४.

नुहाद तौफिक

साक्षीदार १: फखरी दरवीश, औषध दुकानदार.

साक्षीदार २: सुबहिया मुस्लेह. अंगठा नको, सही करते. लिहायला तुरुंगात शिकले. सगळे ऐकले. माफ केलेले नाही. कॅसेट जाळू नका, आधी मला दाखवा.