बाळंतखोलीतला फ्लेक्स

४ जानेवारी २०१९
नव्या वर्षाचा संकल्प: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मॅनेजमेंट शिकवायचेच. तलासरी तालुक्यात नर्स शेवटपर्यंत नर्सच राहते, फार्मासिस्ट फार्मासिस्टच. मेडिकल ऑफिसर म्हणून हे मला बघवत नाही. कोर्स मीच आखला. नर्सपासून मॅनेजरपर्यंतचा जिना रंगीत फ्लेक्सवर छापून घेतला. वरच्या पायरीवर माझा फोटो. जिल्ह्याचे साहेब १ फेब्रुवारीला उद्घाटनाला येणार. त्यांना आवडले की पालघरचा ट्रेनिंग विभाग माझाच.

७ जानेवारी
पहाटे जमीन हलली. नोव्हेंबरपासून हलतेच आहे. आधी खालून गुरगुर, मग धक्का, मग पाड्यावरची कुत्री. आज कुत्री भुंकलीच नाहीत. प्रभा सिस्टरने बाळंतखोलीच्या भिंतीला गेलेला तडा दाखवला. अगदी बारीक. फ्लेक्स नेमका तिथे लावला. छान दिसतो.

११ जानेवारी
पहिला वर्ग. विद्यार्थी दोन: सिस्टर आणि फार्मासिस्ट एकनाथ. बाकीचे लसीकरणाला पळाले. विषय रिस्क मॅनेजमेंट. केंद्रातला एक धोका सांगा म्हटले. एकनाथने संपत आलेल्या गोळ्या सांगितल्या. शाब्बास! सिस्टरने भिंत सांगितली, वर बाळंतपणाचे टेबल मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवा म्हणाली. दहापैकी चार दिले. अभ्यासक्रमाबाहेरचे उत्तर. शिवाय भिंतीचे वर कळवले की इमारत बंद करतील. मग उद्घाटन कशाचे?
हल्ली गाडीत झोपतो. क्वार्टरमध्ये डास फार.

१७ जानेवारी
पाड्यावरची काळी तपासून घ्यायला आली. पहिलटकरीण, महिनाअखेरची. तिचा नवरा, लहान्या, बाळंतखोलीत पाऊल टाकेना. दारातूनच भिंतीकडे बोट करून विचारत होता, डागतर, भितीत काय बोलते? नवीन योजना आहे, घाबरू नकोस, असे सांगून मी फ्लेक्स थोपटला. मागे काहीतरी घरंगळले. बराच वेळ घरंगळत राहिले. अडाणी माणसे अशाने उगाच घाबरतात.

२३ जानेवारी
तडा फ्लेक्सच्या बाहेर आला. डहाणूला मोठ्या फ्लेक्सची ऑर्डर दिली.
सिस्टरने विचारले, सर, गाडीत का झोपता? डास म्हटले. संध्याकाळी मच्छरदाणी आणून दिली. स्टाफचा जीव आहे माझ्यावर.

२८ जानेवारी
मोठा फ्लेक्स लागला. भिंत दिसतच नाही. तरी सिस्टरची भुणभुण चालू, म्हणून समिती नेमली. अध्यक्ष मी. एकनाथ सदस्य व्हायला तयार नाही, तेव्हा सदस्यही मी. बैठक गाडीत झाली. ठराव: निर्णय उद्घाटनानंतर.
बाहेरच्या विहिरीचे पाणी गढूळ झालेय. वारा नसताना फ्लेक्स हलतो.

३१ जानेवारी
सिस्टरने पुन्हा शेड मागितले. नाही म्हटले, तिथे साहेबांसाठी खुर्च्या मांडल्यात. या वेळी वाद न घालता खुर्च्या मोजून गेली. कोर्सचा परिणाम दिसू लागला.

१ फेब्रुवारी, सकाळ
काळीला कळा सुरू. बाळंतखोलीतच घ्या म्हणून ठणकावून सांगितले. साहेबांना चालू केंद्र दिसेल. फोटोत बाळ आले तर सोन्याहून पिवळे.

दुपार, बारा
साहेबांचा फोन. धक्क्यांमुळे इकडचे सगळे दौरे रद्द. मी गेटपाशी जाऊन बराच वेळ समजावत होतो, इथे काही नाही सर, काही नाही.

२ फेब्रुवारी
काल जेवणानंतर मोठा धक्का बसला. सर्वांत आधी मी बाहेर होतो. सर्वांना जमायला जागा बघून ठेवणे हे प्रमुखाचे कामच. पुढच्या अंगणातल्या गाडीजवळ पोचलो आणि मागे बाळंतखोलीची भिंत बसली. धूळ दारातून बाहेर आली.
आत काळी. आत सिस्टर. मी गाडीचा दरवाजा धरून उभा. हाका मारल्या बहुतेक. पाय निघेनात. भ्यालो होतो.
मग सिस्टरचा आवाज आला, शेडमधून. मी फोनवर असताना तिने आणि एकनाथने खुर्च्या बाहेर फेकून काळीला टेबलासकट तिकडे नेले होते. मला विचारले नव्हते. शेडला आडोसा नाही, म्हणून फ्लेक्स काढून नेला होता. तीन कोपरे खांबांना बांधलेले. चौथ्याला खांब नव्हता. तो लहान्या धरून होता, पण बायको ओरडली की कोपरा सोडून तिच्याकडे धावत होता.
सिस्टरने मला बोलावले. वाटले, काही कठीण आहे, डॉक्टर हवा असेल. तर म्हणाली, सर, हा कोपरा धरा आणि तोंड तिकडे करा.
धरला. वरची पायरी माझ्याच हातात आली. समोर बाळंतखोली, भिंत नसलेली. टेबल असायचे तिथे विटांचा ढीग. तोंड तिकडेच होते, त्यामुळे बघावे लागले.
मुलगी झाली. रडली. आता सोडू का, असे विचारले.
सिस्टर म्हणाली, अजून नाही. जमीन पुन्हा गुरगुरत होती. मी धरून राहिलो.