सुमनच्या कॅसेटचं वर्ष

१९ जानेवारी १९८६
पावस गावी चुलतबहिणीच्या लग्नात सुमनने हळदीची गाणी म्हटली, तिच्या आजीकडून आलेली. मुंबईचा एक पाहुणा कॅसेट कंपनीत आहे. जेवणं झाल्यावर माझ्यापाशी आला. "मास्तर, वहिनींचा आवाज घरात ठेवू नका."
परतताना गाडीत सुमन म्हणाली, "तुम्ही काय म्हणता?"
"तुला वाटेल तसं."
"तसं नको. खरं सांगा."
खरं म्हणजे भीती वाटली. म्हटलं, जाऊया मुंबईला.

११ मार्च
मुंबई. स्टुडिओ. काचेची खोली, कानांना यंत्र. सुमनचा आवाज फुटेना. दोनदा बाहेर येऊन पाणी प्यायली. शेवटी म्हणाली, हात रिकामे असले की मला गाता येत नाही. खालच्या खाणावळीतून ताटभर तांदूळ आणवले. निवडत निवडत गायली, तर तांदळाची सळसळ ऐकू यायला लागली. मग तांदूळ काढले, ताट ठेवलं. रिकाम्या ताटात बोटं फिरवत आठ गाणी पुरी केली. मी काचेबाहेर उभा. अशी ती मी कधी पाहिली नव्हती.

२ जुलै
कॅसेट आली. वर सुमनचा फोटो, कोळणीच्या वेषात. शेतकऱ्याची पोर, होडीत बसली तरी चक्कर येते हिला. आत की-बोर्ड, ढोलकी, चाल दुप्पट. आई ऐकून म्हणाली, "आवाज तुझाच गो. पण इतकी घाई कसली झालेय तुला?"
सुमन हसली. नंतर मागच्या दारी बराच वेळ एकटी बसली.

९ सप्टेंबर
गणपती. खालच्या आळीतून सुमनचं एक कडवं, वरच्या आळीतून दुसरं. बाजारात कॅसेट शिल्लक नाही. शाळेत मी आता "गाणाऱ्या बाईंचे मास्तर".
दुपारी राजिवडा मोहल्ल्यातले हमीदभाई आले, मुलाचं कुवेतहून आलेलं पत्र घेऊन. त्यांनीच वाचून दाखवलं, 'खोलीत आम्ही सातजण आहोत. वहिनींचं गाणं लागलं की कोणी कोणाशी बोलत नाही.' सुमनने पत्र मागून घेतलं, पुन्हा वाचलं.

२८ नोव्हेंबर
सुमन मुंबईतच. कार्यक्रमावर कार्यक्रम. या महिन्यात चार दिवस घरी होती. शेजारच्यांनी कॅसेट लावली, म्हणून छायाला म्हटलं, "ऐक, आई गातेय."
"ती आई नाही. ती कॅसेट."
सात वर्षांची पोर. 

१७ जानेवारी १९८७
सुमन आली. आवाज पार बसलाय. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रावर गाठी आहेत, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. शाळेतून पाटी आणून दिली.

३० जानेवारी
पाटीवर संसार चाललाय. 'मीठ कमी.' 'आईंचं औषध संपलं.' छाया शेजारी बसून तिच्या वेलांट्या तपासते आणि आईसारखी रागावते. सुमन पोट धरून बिनआवाज हसते. संध्याकाळी तिघं समुद्रावर, भाट्याच्या पुळणीत.
किती दिवसांनी घर भरल्यासारखं. आणि आज मनात आलं, आवाज परत नाहीच आला तर...
लिहून ठेवतो. लाज वाटते.

८ फेब्रुवारी
कंपनीचं पत्र. दुसरी कॅसेट, शिवाय आखातात दौरा. महिनाअखेर कळवा म्हणतात.
राहवेना. त्या दिवशी मनात आलेलं सुमनला सांगून टाकलं. रडेल वाटलं. तिने पाटी ओढून लिहिलं, 'मलाही तसंच वाटलं होतं. दोन दिवस. मग गाणी आठवायला लागली.'
लिहून पाटी माझ्याकडे दिली. मला पुसवेना.

१७ फेब्रुवारी
महिना पुरा. डॉक्टर म्हणाले, बोला, पण हळू. दवाखान्यात ती काही बोललीच नाही. घरी आल्यावर छायाला हाक मारली. आवाज जाडसर, जरा परकाच. छाया येऊन बिलगली.
पत्राला उत्तर अजून गेलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, "आधी बघू तरी."
तिन्हीसांजेला मागच्या दारी गेली. मी चुलीपाशी होतो. तिने हळूच सूर लावला, थोडा चढवला, तुटला. थांबली. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच तुटला.  मग तिसऱ्यांदा सूर चढू लागला. वर जाऊ दे, एवढंच मनात होतं.